दर दहा मिनिटांनी

शेजारच्या नानांचा मुलगा बायकोपोरांना घेऊन फिरायला गेला, पण ऑफिसात थाप मारून गेला की घरूनच काम करतोय. तिकडून तो मोबाईलवर घरचा कॉम्प्युटर चालवायचा. दहा मिनिटं कुणाचा हात लागला नाही की कॉम्प्युटर झोपी जायचा आणि कनेक्शन तुटायचं. म्हणून दर दहा मिनिटांनी माऊस हलवायला नानांना बसवलं होतं.

“रिटायर झाल्यावर पुन्हा नोकरी लागली बघा,” नाना मला हसत म्हणाले होते. जेवणसुद्धा तिथेच, टेबलावर.

चौथ्या दिवशी दुपारी मुलाचा मला फोन आला. “काका, कनेक्शन तुटलंय आणि पाच मिनिटांत माझी मीटिंग आहे. नाना फोन उचलत नाहीत, डुलक्या काढत असतील. किल्ली आहे ना तुमच्याकडे?”

फोन कानाला धरूनच मी त्यांचं दार उघडलं. नाना खुर्चीतच होते. खांद्याला हात लावला, तर अंग गार.

“अरे, नाना गेले रे,” मी कसंबसं म्हणालो. “बसल्या जागी गेले. हात अजून माऊसवरच आहे.”





“काका, मग तोच हात जरा हलवा ना.”