उलटा चॅनेल

बायको गेल्यावर रेकॉर्डिस्टकडे तिच्या आवाजाची एकच टेप उरली होती. लग्नानंतर लगेचची. दोन नवे माइक तपासायला त्याने तिला याच खोलीत बोलायला बसवलं होतं आणि स्वतः कामावर निघून गेला होता. तरी ती दर दोन वाक्यांमागे विचारत राहिली होती, "अहो, ऐकताय ना?" रिकाम्या खोलीत कोणाला, कोण जाणे.

आज दुपारभर तो त्या टेपशी झटत होता. एका माइकची वायर तेव्हा उलटी जोडली गेली होती. त्यामुळे डावा-उजवा चॅनेल एकत्र केले की ते एकमेकांना खाऊन टाकत आणि तिचा आवाज विरून जाई. त्याने डावा चॅनेल उलटवला. आवाज भरून आला.

"अहो, ऐकताय ना?"

"ऐकतोय, बोल," सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं.

मग तो चहा करून आला आणि आधी केलेलं विसरून त्याने डावा चॅनेल पुन्हा उलटवला. ती नाहीशी झाली. चूक लक्षात येऊन त्याने हात पुढे केला, तेवढ्यात हेडफोनमध्ये कोणीतरी खाकरलं.

"ऐकतोय, बोल."

आवाज त्याचाच होता. तेव्हाचा तरणा नव्हे, आताचा, बसका.

मागची खुर्ची करकरली. टेपमध्ये की खोलीत, ते त्याला कळेना.

मग टेपमधला तो अगदी हळू म्हणाला, "अगं, तू कधी आलीस?"

हे मात्र तो अजून म्हणाला नव्हता.