गाडीचं पळणं

“किती करायचं, काकू?” लॅपटॉप मांडीवर घेत सुदर्शनने विचारलं.

“जमंल तेवढं करा. हात आखडू नका.”

सुदर्शन हसला. यवतला हायवेला लागून त्याचा गाळा होता. आत ना पाना ना ग्रीस. एक टेबल, एक लॅपटॉप आणि वायरींचं जंजाळ. इंजिनाचा एक नट न खोलता तो गाडीच्या कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅम बदलून द्यायचा. दौंड-शिरूरची पोरं त्याच्याकडे नंबर लावून यायची.

“अशी आई पहिल्यांदाच बघतोय,” तो म्हणाला. “बाकीच्या आया हितं माझ्याशी भांडायला येत्यात.”

“भांडून काय व्हतंय?” अनसाबाई म्हणाली. “पोरगं माझं. त्याची काळजी मलाच घ्यायला पायजे. आन् त्याला कळू द्यायचं न्हाई बरं का.”

“सरप्राइज?”

“तसंच म्हना.”

अनसाबाईचं न्हावऱ्यात बांगड्यांचं दुकान. तीस वर्षं बायकांचे हात हातात घेऊन बसलेली बाई, पण जिभेवर मोठा पहारा. तिच्या दुकानात बांगडी कधी फुटली नाही, ती वाढली. संध्याकाळी दुकान बंद झालं नाही, वाढवलं. वाईट शब्द काढला की वाईट गोष्ट दारात येते, ही सासूची शिकवण. नवरा गेल्यावर तिने ती आणखी घट्ट धरली. पण वर्षापूर्वी पोराने, गोकुळने, ही जुनी डिझेल गाडी आणली आणि तेव्हापासून एक वाईट शब्द तिच्या जिभेच्या टोकाशी यायला लागला. ती तो रोज गिळत होती.

मागच्या महिन्यात गोकुळ बायकोला घेऊन शिरूरहून आला. गौतमीला सहावा महिना होता. ती गाडीतून उतरली ती पांढरीफटक पडून.

“बांगड्या वाढल्या, आत्या,” ती हात लपवत म्हणाली. “दाराला धरून बसले व्हते.”

“चौदा मिनिटात शिरूर ते न्हावरं!” गोकुळ मित्राला फोनवर सांगत होता.

अनसाबाईने सुनेच्या हातात तीन नव्या बांगड्या भरल्या. पोराला समजावून झालं, शपथा घालून झाल्या, अबोला धरून झाला. तो हसायचा आणि आईच्या गालाला हात लावून चावी उचलायचा. आता सातवा लागला होता. उद्या हाच गोकुळ ह्याच गाडीतून गौतमीला दौंडला माहेरी सोडणार होता.

उपाय सुचवला तो शेजारच्या भैरूने. तो शाळेची बस चालवायचा. “आमच्या बसचं पळणं बांधूनच टाकलंय, अक्का. कितीबी दाबा, काटा चाळिसाच्या वर जात न्हाई. गाड्यांचं ते कंप्युटरचं काम करणारा एक पोरगा यवतला हाय.”

मग काय, गोकुळ पहिल्या पाळीला कंपनीच्या बसने गेला, तशी सकाळची गिऱ्हाइकं उरकून, दुकान वाढवून अनसाबाई भैरूला घेऊन निघाली. भैरू गाडी गाळ्यात लावून समोर चहाला गेला होता. काम तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलं, आणि ते एकदाचं सांगून टाकल्यावर तिला अर्धं बरं वाटलं.

सुदर्शनने स्टेअरिंगखाली वायर जोडली, बॅटरीला चार्जर लावला. “आता चावीला हात न्हाई. मधीच करंट गेला तर गाडीचा मेंदूच जातोय.”

पडद्यावर हिरवी पट्टी सरकू लागली. चाळीस. साठ. एक्याण्णवला ती अडली. अनसाबाई देव पाण्यात घालून बसली होती. मग पट्टी हलली आणि शंभरावर गेली. सुदर्शनने चावी फिरवली. इंजिन एका दमात सुरू झालं आणि अनसाबाईला रडूच आलं.

“झालं, काकू. रडताय काय?”

“सुटले रे बाबा.” तिने पिशवीतून नारळ काढला. “ह्यो तेवढा वाढवा.”

सुदर्शनने उंबऱ्यावर नारळ वाढवला, तिच्या हातावर खोबरं ठेवलं आणि तिचा नंबर लिहून घेतला.

भैरूच्या पायाला शाळेच्या बसची सवय. घरापर्यंत काटा एकदाही चाळिसाच्या पुढे गेला नाही. अनसाबाई सारा रस्ता त्या काट्याकडेच बघत होती.

“लई हलकं वाटतंय, अक्का,” भैरू म्हणाला.

“मलाबी,” ती म्हणाली. महिन्याभरात पहिल्यांदा त्या दिवशी तिला गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी तिने सुनेची ओटी भरली. गौतमी दाराआड येऊन हळूच म्हणाली, “आत्या, मी यष्टीनं जाऊ का?”

“बिनघोर बस, पोरी. म्या बघितलंय सगळं.” अनसाबाईने तिला स्वतः गाडीत बसवलं, मांडीवर पिशवी दिली, दार लावलं. गोकुळने हात हलवला. गाडी गल्लीच्या वळणावरून रस्त्याला लागली.

ती अंगणात उभी असतानाच फोन वाजला.

“काकू, सुदर्शन बोलतोय, यवतवरनं. गाडी बरी हाय ना?”

“लई उपकार झाले, बाबा. आत्ताच दोघं गेली दौंडला.”

“एक सांगायचं राहिलं. पहिलं दोन दिवस जरा दमानं घ्यायला सांगा त्यांना.”

अनसाबाई हसली. “आता दमानंच जाणार की. म्या सांगितलं तसंच केलंय ना?”

“व्हय तर! तुम्ही म्हणला, गाडीचं पळणं वाढवा. फुल्ल वाढवलंय, काकू. कंपनीनं स्पीडला घातलेलं कुलूप व्हतं, तेबी काढून टाकलंय.”