हिरवा पुडा

आमच्या ताओयुआनच्या कारखान्यात घरचे, ऑफिसचे आणि गेमचे असे तीन नावांचे डेस्कटॉप बनायचे. सोमवारपासून कंपनीने तिन्हींना एकच नाव दिलं, आणि जुन्या नावाचं जे जे असेल ते काढून टाकायचा हुकूम आला.

माझी बायको युएशिया ऑफिसवाल्या लाइनवर एकोणीस वर्षं तपासणीला होती. यंत्राने रुसू नये म्हणून आमच्याकडे तैवानात त्याच्यावर खाऊचा हिरवा पुडा ठेवतात. तिने शेवटचा पुडा ठेवला तो मार्चमध्ये, गेली त्याच्या आदल्या आठवड्यात. त्यावर तिच्या अक्षरात लाइनचं जुनं नाव होतं. तेवढा तरी मिळावा म्हणून जेवणाच्या सुट्टीत मी पॅकिंगमधून वर गेलो.

"फेकला, काका," सुपरवायझर पेइयुन म्हणाली. "तारीख उलटून गेली होती. शिळ्या पुड्याने यंत्र जास्तच चिडतं, मावशीच ओरडायच्या ना आम्हाला."

"मला विचारायचं तरी, पोरी."

"रागावू नका हो. आधी इकडे बघा."

तिन्ही लाइनींच्या यंत्रांवर नवे हिरवे पुडे होते. प्रत्येकावर पेइयुनने ठळक लिहिलं होतं, 'शहाण्यासारखं वाग, नाहीतर युएशिया मावशी येतील.'

 

सुट्टी संपल्याचा भोंगा वाजला तरी मी तिथेच बसून होतो, एखादं यंत्र बिघडतंय का ते पाहत.