गप्प झालेला आधी

वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर नव्या नर्स मुलींना कानीकपाळी ओरडून एकच सांगायच्या, "धापा टाकणाऱ्याला बघून घाबरू नका. आवाज येतोय तोवर हवा आत जातेय. आधी धावायचं ते गप्प झालेल्याकडे."

त्या दुपारी खिडकीजवळच्या आजोबांना दम लागला. सिस्टरांनी त्यांना उशांना टेकवून बसवलं, ऑक्सिजनचा मास्क लावला आणि नाडी बघण्याच्या बहाण्याने त्यांचे श्वास मोजू लागल्या. कोणी श्वास मोजतंय हे कळलं, की माणूस सरळ श्वास घेतच नाही.

शेजारच्या पलंगाभोवतीचा पडदा हलत होता. आत ओढला जायचा, मग बाहेर फुगायचा. खिडक्या बंद होत्या, पंखाही बंद. आणि पलंग रिकामा होता. सकाळी सिस्टरांनीच त्यावर धुतलेली चादर घातली होती.

आजोबांचा दम ओसरला. पडदा मात्र भराभर हलू लागला.

"मी ठीक आहे आता," आजोबा मास्कच्या आतून म्हणाले. "तुम्ही त्याच्याकडे बघा, बाई. कधीचा तडफडतोय बिचारा."

"तिकडे कोणी नाहीये, आजोबा. शांत बसा बरं."

"बरं," आजोबा म्हणाले, लहान मुलीचं मन राखावं तसं.

तेवढ्यात पडदा आत ओढला गेला, आणि तसाच राहिला.

सिस्टर तो परत बाहेर फुगण्याची वाट बघत राहिल्या. वॉर्डात कसलाच आवाज नव्हता.

मग इतक्या वर्षांच्या सवयीने त्यांचे पाय आपोआप वळले. दुसरा मास्क हातात घेऊन त्या पडद्याकडे धावत सुटल्या.