मागच्या चाकांची हवा

"मागच्या चाकांतली हवा उतरवा, उस्ताद," साहेब म्हणाले. "अठरा पौंडांवर आणा. वाळूत रुतलात तर तुम्हाला शोधायला दुसरी गाडी नाही आपल्याकडे."

उस्ताद मागच्या चाकापाशी उकिडवे बसले होते. त्यांनी व्हॉल्व्हचे टोपण काढले, हवा मोजायचे गेज लावले आणि आकडा पाहिला.

वादळ शमले होते. परंतु पाण्याचा शोध घेण्यासाठी वाळूच्या मैदानात खोलवर गेलेले कंपनीचे चार कामगार परतले नव्हते. त्यांच्यासाठी दुसऱ्या यार्डातून ही फोर-व्हील ड्राइव्ह गाडी मागवली होती आणि तिच्यासोबत तिचे वयोवृद्ध चालक, हे उस्ताद, आले होते. त्या चौघांपैकी एकाचेही तोंड त्यांनी आजवर पाहिलेले नव्हते.

भिंतीच्या सावलीत चौघांतील फोरमनची पत्नी उभी होती. नणंदेने तिचा हात धरून ठेवला होता. कालपासून कचेरीने तिला नाना प्रश्न विचारले होते. शर्टाचा रंग कोणता? एखादा दात सोन्याचा आहे काय? अंगावर जुना व्रण? प्रत्येक प्रश्न अत्यंत मृदू स्वरात विचारला गेला होता. असे प्रश्न कशासाठी विचारतात, हे न समजण्याइतकी ती भोळी नव्हती. तरीही तिने सगळ्यांची सरळ उत्तरे दिली होती. साहेब काही वाईट मनुष्य नव्हते. त्यांचाही डोळ्याला डोळा लागलेला नव्हता.

"पुढची अठरा करतो, साहेब," उस्ताद अखेर म्हणाले. "मागची बावीसवर आलीय, त्याखाली नेणार नाही."

"रिकाम्या गाडीला बावीस? अहो, रुतेल ती."

"जाताना रुतेल. फावडं आहे की."

वाळूत चालायचे तर टायर मऊ लागतो. मऊ टायर पसरतो आणि वाळूवर तरंगत जातो. परंतु त्याच मऊ टायरवर माणसांचा भार पडला, तर तो रिंगेवरून निसटतो. म्हणून चालक जाताना हवा उतरवतात आणि भार चढला की पुन्हा भरतात. मात्र गाडीतला छोटा पंप वाळू शिरून निकामी झाला होता, आणि यार्डातला मोठा पंप जागचा हलणारा नव्हता. येथून जी हवा घेऊन निघायचे, तीच जाताना आणि तीच येताना. निवड एकदाच करायची होती.

साहेबांनी आवाज खाली आणला. "येतानाचं नंतर बघू, उस्ताद. आधी तिथवर पोचा तरी."

हे शब्द सावलीपर्यंत पोहोचलेच. नणंदेची बोटे वहिनीच्या मनगटात रुतली.

उस्ताद गुडघ्यांवर हात टेकून उठले. फडक्याला हात पुसत ते त्या दोघींसमोर येऊन उभे राहिले.

"ताई, तुमच्या मिस्टरांचं वजन किती हो?"

आणखी एक प्रश्न. तिच्याआधी नणंदच उसळली.

"आता वजनही सांगायचं? उचलायला माणसं किती लागतील, त्याचा हिशेब घालताय काय?"

"उचलायचं कशाला?" उस्ताद गोंधळले. "मागच्या सीटवर बसून येतील ना ते. त्यावर मागची हवा ठरते. बाकीच्या तिघांचं त्यांच्या घरच्यांना विचारून आलोय. तुमचंच तेवढं राहिलंय."

"सत्तर," ती पुटपुटली.

"वहिनी!" नणंदेचे डोळे वाहत होते, पण जीभ थांबेना. "सत्तर तर लग्नात होतं. आता दादाला स्वतःच्या बुटाची नाडी दिसत नाही. पंच्याऐंशी म्हण!"

"काहीतरीच! पंच्याऐंशी नाही हं. ब्याऐंशी." आणि एवढे बोलून ती हसली. हसता हसता तिला हुंदका आवरेना.

"ब्याऐंशी," उस्तादांनी मान डोलावली. "उपाशीतापाशी थोडे उतरले असतील. पण मी ब्याऐंशीच धरतो. म्हणजे चोवीस करावी लागणार."

पंपाची नळी आणायला ते वळले, तो ती साहेबांनीच उचलून आणली होती. हवा भरून झाली. फोरमनच्या पत्नीने उस्तादांच्या हातातून टोपण मागून घेतले, चाकाशी बसून स्वतःच्या बोटांनी ते घट्ट आवळले आणि तशीच बसल्या बसल्या म्हणाली, "उस्ताद, तुमचे फार उपकार झाले."

"अजून आणलंय कुठं त्यांना? नुसती हवा तर भरलीय."

"तेवढ्याचेच," ती म्हणाली.

उस्ताद स्टिअरिंगवर जाऊन बसले. साहेब पलीकडच्या दाराने आत चढू लागले. चौघांची ओळख पटवण्यासाठी त्यांना जायचे होते, फोटोंचे पाकीट त्यांच्या हातात होते. उस्तादांनी गाडीच्या पाचही आसनांवरून एकवार नजर फिरवली. मग त्यांनी अदबीने हात आडवा धरला.

"माफ करा, साहेब. तुम्हाला नेता येत नाही. येताना जागा नाही."