पुऱ्या उंचीचा माणूस

"नवऱ्याबद्दलच आहे," गोह आंटी म्हणाल्या आणि पुढचं वाचायच्या थांबल्या.

प्रियदर्शिनीने फोन त्यांच्या हातात दिला होता. नंबर जपानचा, अनोळखी. मेसेजमध्ये फक्त सहा अक्षरं होती: 大丈夫 怪我無.

शुक्रवारी दुपारी जपानमध्ये भूकंप झाला आणि पाठोपाठ समुद्र आत शिरला. उज्ज्वल त्याच किनाऱ्यावरच्या एका कारखान्यात मशीन बसवायला गेला होता. तेव्हापासून त्याचा फोन लागत नव्हता. आज रविवार होता. सिंगापूरमध्ये, बुकित बातोकच्या त्या फ्लॅटमध्ये टीव्ही सारखा चालू होता, पण त्याच्याकडे कुणाला बघवत नव्हतं. शेजारच्या चिनी गोह आंटी सकाळी पॉरिजचा, म्हणजे तांदळाच्या पेजेचा, डबा घेऊन आल्या होत्या, त्या परत गेल्याच नव्हत्या.

"सांगा ना आंटी."

आंटींनी चष्मा वर सरकवला. "ही दोन अक्षरं म्हणजे हजबंड. त्याच्या आधी 'मोठा' लावला की ब्रेव्ह मॅन. शूर पुरुष. आमच्यात तसं म्हणतात."

"आणि पुढे?"

"ब्लेम मी." आंटींचा आवाज अडखळला. "मला दोष द्या."

"शेवटचं?"

आंटींनी फोन पालथा करून टेबलावर ठेवला. "नो मोर," त्या हळूच म्हणाल्या. मग घाईघाईने, "आय मे बी राँग, गर्ल. जॅपनीज आय डोन्ट नो, ला."

शूर पुरुष. मला दोष द्या. आता नाही. प्रियदर्शिनीला आणखी काही विचारायची गरज वाटली नाही.

स्वयंपाकघराच्या दारात सरलाताई उभ्या होत्या, तिच्या सासूबाई. महिन्यापूर्वी औरंगाबादहून लेकाकडे राहायला आलेल्या. त्यांना इंग्रजी कळत नव्हतं, पण चेहरे कळत होते.

"काय म्हणतेय गं ती? उज्ज्वलचंच आहे ना?"

"त्यांना नीट वाचता येत नाहीये, आई," प्रियदर्शिनी म्हणाली. निदान या माउलीसाठी तरी तो अजून थोडा वेळ असू दे, एवढंच तिच्या मनात आलं.

ती आतल्या खोलीत गेली आणि तिने तो मेसेज मुकुलला पाठवला. मुकुल हा उज्ज्वलचा कॉलेजपासूनचा मित्र. सिंगापुरातच सेरंगूनला राहायचा आणि पुण्यात असताना जपानी शिकलेला होता. काय झालं ते तिला कळलं होतं. कुठे झालं, पुढे कुणाला विचारायचं, तेवढं त्याच्याकडून हवं होतं.

फोन लगेचच वाजला.

"वहिनी! अहो, सुखरूप आहे तो!"

"मुकुल, आमच्या आंटींनी वाचलंय ते..."

"त्यांनी चिनीत वाचलं असणार! हे जपानी आहे. दाइजोबू म्हणजे ठीक आहे, काळजी नाही. केगा म्हणजे दुखापत. तिची अक्षरं चिनीत वाचली की 'मला दोष द्या' असं होतं. आणि शेवटचं 'नाही' आहे ना, ते दुखापतीबद्दल आहे. सुखरूप, दुखापत नाही. बस, एवढंच लिहिलंय."

"पुन्हा सांगा."

त्याने पुन्हा सांगितलं. तिने तिसऱ्यांदा सांगायला लावलं आणि "आई!" अशी हाक मारताना तिचा आवाज असा काही फुटला, की सरलाताई धावतच आल्या. मग त्या दोघी पलंगाच्या कडेला बसून रडल्या. दारात उभ्या असलेल्या गोह आंटींना प्रियदर्शिनीने घाईने सांगितलं, तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. त्या "सॉरी, सॉरी" म्हणत हसत होत्या आणि डोळेही पुसत होत्या.

स्पीकरवर मुकुल बोलतच होता. सुटका झाली की माणसाला काहीही बोलावंसं वाटतं. "जुन्या चीनमध्ये उंचीचं एक माप होतं, जपानीत त्याला 'जो' म्हणतात. पुऱ्या उंचीचा, भक्कम माणूस म्हणजे जोबू. चिनी भिक्खूंनी आपल्या 'महापुरुष' शब्दाचं भाषांतर करतानाही हाच शब्द, पुढे 'दाइ' म्हणजे 'मोठा' लावून, वापरला. जपानात 'भक्कम'चं झालं 'निर्धास्त', मग नुसतंच 'ठीक'. आता पोर पडलं तरी आई विचारते, दाइजोबू? आणि पोरही तेच म्हणतं."

"महापुरुष म्हणे," सरलाताई नाक पुसत म्हणाल्या. "आधी घरी ये म्हणावं." आणि त्या पॉरिज गरम करायला उठल्या. त्या दुपारी तिघींनी मिळून अख्खा डबा संपवला.

मंगळवारी सकाळी उज्ज्वलचा फोन आला. आवाज बसलेला होता, पण त्याचाच होता. सरलाताई आधी बोलल्या, मग प्रियदर्शिनी.

"माझा फोन पाण्यात गेला," तो सांगत होता. "आम्ही सगळे टेकडीवरच्या शाळेत होतो. तिथे रेंजच नव्हती. कारखान्यातले तानाबे-सान चालत दुसऱ्या गावाकडे निघाले होते. मला म्हणाले, घरचा नंबर दे, वाटेत रेंज मिळाली की कळवतो. इंग्रजी येत नाही त्यांना. सिंगापूरचे लोक चिनी अक्षरं वाचतात ना, मग सगळं त्याच अक्षरांत लिहितो म्हणाले, म्हणजे घोटाळा नको."

प्रियदर्शिनीला हसू आवरेना. घोटाळा कसा झाला ते तिने त्याला सांगितलं, तेव्हा तोही खोकत खोकत हसला.

"त्यांना आमच्या दोघींकडून आभार सांग," ती म्हणाली.

"सांगतो. इथेच आहेत. आज एकदम खुशीत आहेत, बायकोला घेऊन आलेत."

"बायको कुठे होती त्यांची?"

"त्या दुसऱ्या गावात. तिलाच शोधायला निघाले होते ते." उज्ज्वलने आवाज खाली आणला. "तुला 'सुखरूप' म्हणून कळवलं ना, तेव्हा ती जिवंत आहे की नाही, हेसुद्धा त्यांना माहीत नव्हतं."