हफीतच्या थडग्याला सलाम

रुखसारला जुळं झालं, त्या वर्षी आम्ही इकडे आखातात, हफीत डोंगराखालच्या पार्कात हजारो वर्षांपूर्वीची दगडी थडगी बघायला गेलो. रुखसारचे अब्बा भलतेच खुशीत होते. गुरुवारी जुळ्यांचे फोटो घेऊन ते दापोलीला आपल्या अम्माकडे निघणार होते.

"हाडं कधीच म्युझियममध्ये नेली. आत कुणी नाही," गाईड म्हणाला.

"नसेना! कबरीला सलाम करायचाच," म्हणत ते बुटक्या दारापाशी वाकले. "अस्सलामु अलैकुम!"

"अहो, झोपमोड कराल त्यांची," मी म्हटलं.

आतून आवाज आला, "वालेकुम सलाम. जेवलास काय रे?"

"होय अम्मा, बिर्याणी!" ते सवयीनं बोलून गेले. आम्ही सगळे हसलो.

"आणि पोरं कुणावर गेलीत?" आतून विचारलं.

अम्मा त्याच दुपारी, जोहरच्या अजानीला, दापोलीत वारल्या.